वजन चाकांवर असताना

त्र्यंबकेश्वर मागे टाकून तोरंगण घाटाच्या वळणांना लागलं की जुनी जीप आपली दुखणी एकेक करून सांगू लागते. नाशिकच्या सपाट रस्त्यांवर जे झाकून जातं ते इथे झाकत नाही. मोखाडा येईपर्यंत आमच्या जीपच्या तीन तक्रारी पक्क्या झाल्या होत्या. काटा साठच्या जवळ गेला की पायाखालचा पत्रा गुणगुणायचा आणि गिअरची दांडी तळहाताला मुंग्या आणायची. पुढचं चाक खड्ड्यात आदळलं की स्टेअरिंग हातात फडफडायचं, आणि वेग पार खाली आणल्याशिवाय ते गप्प होत नसे. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून पुन्हा दिला की गाडीच्या पोटातून एक लोखंडी ठोका यायचा.

जीप मित्राची. जुनी महिंद्रा, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही कोपऱ्यांत पाट्यांच्या कमानी. त्याने ती घेतली तेव्हाच ती उंच केलेली होती: कमानींत जादा पाटे चढवलेले, कमानींची टोकं टांगणारे शॅकल मूळच्यापेक्षा लांब, खाली रुंद टायर. आधीच्या मालकाने हे काम ‘बाहेरून’ करून घेतलं होतं म्हणे. बाहेरून म्हणजे कुठून, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. दिसायला जीप रुबाबदार, यात वाद नाही. त्र्यंबकच्या टपरीवर आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात दोन पोरांनी तिच्या बॉनेटला टेकून फोटो काढून घेतले. मित्र खूश. मी चहा पिता पिता खाली वाकून पाहिलं आणि पुढच्या कमानी न् ॲक्सल यांच्यामध्ये बसवलेल्या लोखंडी पाचरी दिसल्या. पाचर दिसली की समजावं, आधी कुणाचा तरी कोन चुकला होता.

शिरगावला मित्राचं आजोळ आहे. मामांची वाडी, विहीर, मागच्या अंगाला केळी आणि चालत जाण्याच्या अंतरावर समुद्र. डिसेंबरातले दिवस होते. मोखाडा आणि जव्हारच्या माळांवर भाताच्या उडव्या रचलेल्या, कुडाच्या घरांपुढे सारवलेलं अंगण, उन्हात बसलेली म्हातारी माणसं. जव्हारला मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आहे. तो बघायचा बेत होता. पण गाडीच्या आवाजाने दोघांचीही मनं खाली लागली होती, तेव्हा राजवाडा राहिला. विक्रमगडवरून मनोरला उतरलो आणि मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागताच मुरूम-खडीच्या टिपरांच्या रांगेत सापडलो. पालघर जिल्ह्यात सध्या बुलेट ट्रेनचे खांब उभे राहतायत, मालवाहू रेल्वेमार्ग आणि द्रुतगती मार्ग आहेत, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. या सगळ्याची माती आणि खडी टिपरांतून फिरते.

टिपर तिथे सुटे भाग. मनोर नाक्यावर एका दुकानाबाहेर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस खोक्यांच्या थप्प्यांत लावलेले होते. तिथेच सावलीला गाडी लावून मित्र खाली शिरला. पुढच्या शाफ्टच्या वर, केबिनच्या पत्र्यावर, ग्रीसचे शिंतोडे एका सरळ रेषेत उडालेले. क्रॉसच्या टोपणाभोवती गंजाची तांबडी पूड. ही पूड म्हणजे बेअरिंगमधल्या सुया कोरड्या पडून दळल्या जात असल्याची खूण. ग्रीस आत असेपर्यंत ती दिसत नाही. दुकानदाराने नुसतं पाहून सांगितलं, “दादा, पन्नासच्या वर नका जाऊ.” आम्ही चाळीसनेच पालघर गाठलं, रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला वळलो आणि अंधार पडायच्या आत शिरगावात शिरलो.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसत्या तक्रारी वाटतील.

गिअरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत एक नळीचा शाफ्ट जातो. ट्रान्सफर केस चेसिसला घट्ट, ॲक्सल मात्र कमानींवर वर-खाली होणारा. तेव्हा शाफ्टला दोन्ही टोकांना वाकता यावं म्हणून क्रॉस, आणि लांबी कमी-जास्त करता यावी म्हणून मध्ये दातेरी, सरकता जोड. क्रॉसच्या या जोडाला सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्दानोचं नाव चिकटलेलं आहे आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. त्यात एक जन्मजात खोड आहे. शाफ्ट सरळ असला तर काही नाही. पण कोनात फिरायला लागला की आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर पडणारी एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा ती किंचित वाढते आणि दोनदा किंचित घटते. दहा अंशांच्या कोनात हा चढउतार दीड टक्क्यांचा. वीस अंशांत तो सहा टक्क्यांवर जातो. कोन दुप्पट, धक्का चौपट. साठच्या वेगाला हा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे दर मिनिटाला चार हजार हिसके. पायाखालचा पत्रा गुणगुणतो तो उगाच नाही.

उपायही जुनाच. दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस, त्याचा कोन पहिल्याइतकाच, आणि दोन्ही टोकांची योक, म्हणजे क्रॉसला धरणारे कान, एकाच पातळीत. मग पहिल्याने केलेला हिसका दुसरा फेडून टाकतो आणि ॲक्सलला सरळ गती मिळते. कारखान्यातून निघालेल्या गाडीत हे सगळं जुळवलेलं असतं. 2020 मध्ये आलेल्या थारची जमिनीपासूनची उंची 226 मिलिमीटर आहे असं जाहिरातीत वाचून पोरं तिच्यावर अजून दोन-तीन इंच चढवायला निघतात. त्या 226 मध्ये पुढच्या चाकांच्या जोडांचे कोन, कमानींऐवजी घातलेल्या कॉइल स्प्रिंग, स्टेअरिंगचे दांडे असा सगळा जमाखर्च मांडलेला असतो हे जाहिरातीत येत नाही. तिथे पुढची चाकं स्वतंत्र हलतात, त्यामुळे उंची वाढवली की भार त्या जोडांवर, म्हणजे सीव्ही जॉइंटवर पडतो, त्याचा रबरी बूट फाटतो, आत वाळू जाते आणि वळताना कटकट सुरू होते. जुन्या जीपमध्ये तोच भार पुढच्या शाफ्टवर आणि स्टेअरिंगवर येतो.

सकाळी मामांनी एका मिस्त्रींना बोलावून घेतलं. गाड्यांचे मिस्त्री नव्हेत. सातपाटीच्या होड्यांची इंजिनं बघणारे. शिरगाव आणि सातपाटी यांच्यामध्ये अंतर असं फारसं नाहीच. मला वाटलं मामांना गॅरेज आणि बंदर यातला फरक कळला नसावा. मामा म्हणाले, “अरे, शाफ्ट तो शाफ्ट. यांच्या शाफ्टमध्ये चूक झाली तर माणसं खोल पाण्यात अडकतात. तुझी जीप रस्त्यावर उभी राहते.”

मिस्त्रीकाका साठीच्या पुढचे, हाफ पँट, बनियन, कानाला पेन्सिल. आल्या आल्या त्यांनी विचारलं ते एवढंच, की हा शाफ्ट आधी कुणी खोलला होता का. मित्राला माहीत नव्हतं. काकांनी शाफ्टच्या दोन्ही टोकांवर खडूने खुणा केल्या, पाना लावला, बोल्ट काढले, शाफ्ट सोडवून जीपमध्ये मागे टाकला आणि म्हणाले, “आता जावा, चक्कर मारून या.” जीपचे पुढचे हब लॉक न काढता येणारे असले तर पुढची चाकं फिरताना हा शाफ्ट दोन-चाकी गिअरमध्येही फिरतच राहतो, त्यामुळे तो काढून गाडी मागच्या चाकांवर चालवली की गुणगुण त्याची की दुसऱ्या कशाची, हे पाच मिनिटांत कळतं. पालघरच्या रस्त्यावर आम्ही साठला गेलो. पत्रा गप्प. ठोकाही गेला. पण परतताना एका खड्ड्यात चाक गेलं आणि स्टेअरिंग पूर्वीसारखंच फडफडलं.

म्हणजे दुखणी दोन होती, आणि शाफ्ट काढून ठेवल्याने त्यांची गाठ सुटली.

काढलेला शाफ्ट काकांनी ओट्यावर ठेवला. सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर कारखान्यात ठोकलेला एकेक बाण असतो. बसवताना बाणाला बाण भिडवायचा. इथे घाण खरवडून काढल्यावर बाण दिसले, आणि ते दोन दाते सरकलेले होते. कुणीतरी शाफ्ट ओढून वेगळा केला होता आणि हाताला लागेल तसा परत घातला होता. एका टोकाचा हिसका दुसऱ्याने फेडायचा, तर इथे दुसरा त्यात आपली भर घालत होता. नळी जिथे कापून लांब केली होती तिथलं वेल्डिंगही काकांनी बोटाने चाचपलं आणि तोंड वाकडं केलं. गाडी उंच झाली की ट्रान्सफर केस आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणून शाफ्ट लांब करावा लागतो. इथवर ठीक. पण लांब करताना नळी सरळ रेषेत राहायला हवी होती.

मित्र म्हणाला, मग शाफ्टच नवा करून टाकू. बोईसरला होईल. काका म्हणाले, “शाफ्ट शेवटाला. आधी गाडी किती उंच ऱ्हायची ते ठरवा.”

त्यांचं बोट आता पाचरींवर होतं. इथे जीपच्या पुढच्या ॲक्सलची खरी पंचाईत आहे, आणि उंची वाढवणाऱ्या बहुतेकांना ती खर्च झाल्यावर कळते. चाक ज्या खिळीवर वळतं ती खिळी वरून किंचित मागे झुकलेली असते, जुन्या जीपमध्ये तीनेक अंश. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, तसंच हे. हा कल गेला की वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, आणि खड्डा लागला की चाकं डावी-उजवी थरथरू लागतात. आता गाडी उंच केल्यावर शाफ्टचा कोन फार उभा झाला म्हणून कुणीतरी पाचर मारून ॲक्सलचं पिनियन, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो ते तोंड, शाफ्टकडे वर वळवलं. पण पिनियन आणि खिळ्या एकाच अखंड ॲक्सलवर आहेत. पिनियनचं तोंड वर केलं की सगळा ॲक्सल पुढे कलंडतो आणि तीन अंशांचा कल खाऊन टाकतो. पाचर उलटी मारली तर कल परत येतो, पण शाफ्टचा कोन आणखी बिघडतो. दोघांपैकी एकाला सुख द्यायचं तर दुसऱ्याच्या पोटावर पाय. मागच्या ॲक्सलला ही अडचण नाही, तिथे चाकं वळत नाहीत. शिवाय स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा गाडी उंच झाल्यामुळे तिरका झाला होता. कमान दबली की तो स्वतःच चाक ओढायचा, मग हातातलं चक्र सरळ असलं तरी जीप भलतीकडे पाहायची.

यातून सुटायचा मार्ग एकच, आणि तो मित्राला आवडणारा नव्हता. जीप खाली आणायची.

वाद अर्धा तास चालला. मामींनी दुसरा चहा आणला. मित्राचं म्हणणं, मोठे टायर घासतील. काकांचं म्हणणं, निम्मी उंची ठेवा, टायर घासणार नाहीत, पाचरही लागणार नाही. मी काकांच्या बाजूने होतो आणि ते लपवलंही नाही. सह्याद्रीतल्या वाटांवर जीप अडते ती बहुधा दोन इंच कमी पडल्यामुळे नव्हे. चालवणाऱ्याने चाक कुठल्या दगडावर ठेवायचं हे न पाहिल्यामुळे. आणि कायद्याचा भाग वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी आहे, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. हा मुद्दा मित्राला पटला नाही, पण पोलिसांच्या पावतीची आठवण झाल्यावर तो गप्प झाला. जीप खाली आणायचं ठरलं.

शाफ्ट मागे टाकलेल्या अवस्थेत, मागच्या दोन चाकांवर, आम्ही बोईसरला गेलो. पालघर ते बोईसर हा पट्टा म्हणजे एका बाजूला मिठागरं आणि भातखाचरं, दुसऱ्या बाजूला विरारहून डहाणूपर्यंत जाणाऱ्या लोकलचे रूळ. बोईसर जवळ आलं की वास आधी येतो. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांचा, भट्ट्यांचा, कापडगिरण्यांचा मिळून तो एकच वास आहे. इकडची दुसरी ओळख म्हणजे अणुवीज केंद्र. 1969 मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं. पण ज्याला शाफ्ट करून घ्यायचा आहे त्याच्यासाठी बोईसर म्हणजे लेथच्या गाळ्यांचं गाव. कारखान्यातला रोलर खराब होऊन उत्पादन थांबलं तर रात्रीतून नवा करून देणारी माणसं इथे आहेत. जीपचा शाफ्ट त्यांच्या दृष्टीने नाश्ता.

आधी कमानवाला. नवापूर नाक्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला त्याचं छप्पर, समोर टेम्पो आणि टिपर रांगेत. त्याने कमानी खाली घेतल्या, शिकंज्यात धरून मधला बोल्ट सोडला, पाटे एकेक करून अलग झाले. जादाचे पाटे दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे होते, जाडीही निराळी. त्यामुळे कमान ताठ झाली होती आणि खड्ड्यात चाक खाली न जाता उडी मारायचं. त्याने ते बाजूला फेकले, मूळ पाट्यांपैकी एकाला तडा गेला होता तो बदलला, बाकीच्यांना हातोड्याने कमान मारून दिली. मासळीच्या गाड्यांच्या कमानी इथे सारख्या येतात, असं तो म्हणाला. बर्फाचं खारं पाणी दिवसरात्र पाट्यांवर ठिबकतं आणि दोन पाट्यांच्या मध्ये गंज फुगून पाटाच उसवतो. लांब शॅकल गेले, मूळ मापाचे आले. पाचरी त्याने वजनाने विकत घेतल्या.

मला वाटलं आता इथेच लेथवाल्याकडे माप द्यायचं. पण काकांनी शिरगावातून निघतानाच बजावलं होतं, माप मी घेईन. म्हणून परत शिरगाव. दुसऱ्या दिवशी मित्राने कोन मोजायला सोयीचं व्हावं म्हणून जॅक लावून जीपचं पुढचं तोंड उचलून ठेवलं होतं. काका आले आणि त्यांनी आधी जॅक सोडायला लावला.

“चाकावर उभी नसलेल्या गाडीचं माप घेऊन काय करनार?”

मग त्यांनी जे सांगितलं ते होडीचं होतं. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीत इंजिन बसवताना इंजिनाचं कपलिंग आणि पंख्याच्या शाफ्टचं कपलिंग एकमेकांसमोर आणतात खरं, पण ते शेवटचं जुळवत नाहीत. होडी पाण्यात गेली की तिचं पोट पाण्यावर टेकतं, आकार किंचित बदलतो, डिझेलच्या टाक्या आणि बर्फ भरला की आणखी बदलतो. म्हणून एक-दोन दिवस तिला पाण्यात राहू द्यायचं आणि मगच दोन कपलिंगच्या मध्ये फीलर गेजची पाती घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट पाहायची. चारही बाजूंना फरक काही हजारांश इंचांचाच चालतो. किनाऱ्यावर जुळवलेलं समुद्रात सुटतं, बेअरिंग गरम होतं, शाफ्ट थरथरतो. ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठल्यावर होड्या उतरतात तेव्हा मिस्त्रींची जी तारांबळ उडते ती याच कामासाठी.

त्या संध्याकाळी सातपाटीच्या खाडीत एका होडीवर त्यांचं हे काम पाहायलाही मिळालं. इंजिनाचं कपलिंग बदललं होतं. भरतीची वाट बघत सगळे बसले, कारण ओहोटीला होडी चिखलात टेकते आणि टेकलेल्या होडीचं माप खोटं. पाणी चढलं, होडी तरंगली, मग काका वाकून आत शिरले. टॉर्च दाताखाली, पात्यांचा जुडगा हातात. इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्र्याची एक पट्टी सारली, पुन्हा मोजलं, पट्टी काढून त्याहून पातळ सारली. तांडेल वर बसून पापलेटचे भाव सांगत होता. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा केलं, त्याच्या मते त्याने भावात काही फरक पडला नाही, पण मासा लहान धरू नये हे आता पोरं ऐकतात.

जीपचंही तसंच झालं. नव्याने बांधलेल्या कमानी बसायला वेळ लागतो म्हणून आधी ती रिकामी, मग मामांच्या नारळांची पोती भरून, सातपाटी–पालघर रस्त्यावर फिरवली. मग सपाट ओट्यासमोर उभी केली, नेहमीचं सामान आत, टाकीत डिझेल, ड्रायव्हरच्या जागी मित्राला बसवलं. काकांनी ट्रान्सफर केसच्या तोंडावर लेव्हल धरली, पिनियनवर धरली. मित्राच्या मोबाइलमधला कोनमापक त्यांनी शंकेने पाहिला, पण दोन्हींचे आकडे जुळल्यावर मान्य केला. पाचर नसतानाही दोन टोकांचे कोन आता जवळजवळ सारखे. मग सरकता जोड मधोमध येईल अशी नळीची लांबी काढली. ती आधीच्या शाफ्टपेक्षा कमी भरली, आणि हे महत्त्वाचं होतं. उंच गाडीसाठी लांब केलेला शाफ्ट खाली आणलेल्या गाडीत तसाच घातला असता तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सरकता जोड शेवटपर्यंत आत जाऊन ठोकर बसली असती, आणि ती ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला सोसावी लागली असती. मित्राचा पहिल्या दिवसाचा ‘शाफ्टच नवा करून टाकू’ मान्य केला असता तर पैसे दोनदा गेले असते.

काकांनी माप पेन्सिलीने पुठ्ठ्यावर लिहून दिलं, खाली बाण काढून ‘दोन्ही योक एका लायनीत’ असं दोनदा अधोरेखित केलं. मित्र ते घेऊन बोईसरला गेला. मी किल्ल्याकडे.

शिरगावचा किल्ला समुद्राजवळ आहे, गावातच म्हणावा इतका. पोर्तुगीजांचा. चौकोनी, आटोपशीर, बुरुज आणि तट अजून बरे शाबूत. आत माडाच्या जातीचं पण फांद्या फुटलेलं एक झाड आहे; बघणारा प्रत्येक जण एकदा तरी खोड मोजून खात्री करतो की ती तीन झाडं नाहीत. तटावरून पश्चिमेला सुरूची रांग आणि तिच्यामागे पाणी. 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर हे किनाऱ्यावरचे किल्ले एकापाठोपाठ एक मराठ्यांनी घेतले. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसई मे महिन्यात पडली. आपण इतिहास शिकताना वसईवर थांबतो, पण उत्तरेकडून येणारी कुमक आणि रसद तोडणारे हे छोटे किल्ले आधी हाती आले नसते तर वसईचा वेढा किती लांबला असता कोण जाणे. पुळणीवर काही पर्यटक मोटारी सुरूच्या सावलीपर्यंत आणून थांबले होते. एकजण वाळूत उतरवायला बघत होता, त्याला तिथल्याच एका बाईने झापलं. तिचं बरोबर होतं. वाळूत मजा पाच मिनिटांची, आणि खारं पाणी क्रॉसच्या सीलमधून आत गेलं की पुढे वर्षभर तांबडी पूड.

शाफ्ट संध्याकाळी आला. नवी नळी, लेथवर फिरवून सरळ केलेली, तोल साधायला एका बाजूला लोखंडाचा लहानसा तुकडा वेल्ड केलेला, नवे क्रॉस. बसवताना काकांनी बाण मित्राच्याच हाताने भिडवून घेतले. कमानींच्या यू-बोल्टचे नट समोरासमोर थोडेथोडे आवळले. बुशमधले बोल्ट मात्र नुसते हाताने धरून ठेवले. मित्र पाना घेऊन तयार होता.

“आता नको. चाकावर उभी करा, बॉनेट दाबून हलवा, मंग.”

जॅकवर असताना आवळला तर रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीत पकडला जातो, आणि गाडी खाली आल्यावर रोज पिळला जाऊन फाटतो. दोघांनी बॉनेटवर वजन टाकून जीप वर-खाली केली, ती जिथे बसायची तिथे बसली, मग काकांनी पाना मारला. ग्रीसगनने प्रत्येक निपलला नवं ग्रीस येईपर्यंत जुनं बाहेर काढलं. मजुरीचं विचारलं तर मामांकडे बघून त्यांनी जो आकडा सांगितला तो नाशिकच्या कुठल्याही गॅरेजात नुसतं बॉनेट उघडण्याचा असतो. मित्राने त्याच्या दुप्पट दिले आणि काकांनी त्यातले निम्मे परत केले. “शंभरेक किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत बघा,” एवढं सांगून स्कूटरला किक मारली.

परतीला मनोरपर्यंत साठ, महामार्गावर सत्तर. पत्रा गप्प, दांडी गप्प. विक्रमगडच्या अलीकडे रस्ता खोदलेला होता, डावं चाक धाडकन गेलं आणि स्टेअरिंग जागचं हललं नाही. जव्हारला थांबून आम्ही यू-बोल्टवर पाना लावला. दोन नट पाव फेरा सैल निघाले, ते आवळले. राजवाडा तेव्हा बंद झाला होता. पंचाहत्तरच्या पुढे कुठेतरी अजून बारीक गुणगुण येते. ती मागच्या शाफ्टची आहे असं मित्राचं मत आहे, मागच्या कमानी तर आम्ही उतरवल्याच, कोन मात्र मोजले नव्हते. आणि माझं मत टायर.